गिटार शिकण्याची सुरुवात: वाद्याच्या निवडीपासून पहिल्या साथीपर्यंत

गिटार अर्धवट सोडणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. बोटे दुखतात, कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) धरली तर निम्म्या तारा बोलतच नाहीत, आणि दोन महिने झाले तरी घरच्यांना ओळखू येईल असे एकही गाणे वाजत नाही. मग ‘आपल्याला संगीताचे अंग नाही’ असे ठरवून वाद्य कपाटावर ठेवले जाते. माझे मत असे आहे, की यातील बहुतेक वेळा दोष शिकणाऱ्याचा नसून वाद्याच्या स्थितीचा आणि शिकण्याच्या क्रमाचा असतो. मराठवाड्यातल्या मुलामुलींना तर लय आणि सूर घरबसल्या मिळालेले असतात. गावोगावच्या भजनी मंडळात पेटी, पखवाज आणि टाळ लहानपणापासून कानावर पडत असतात, आणि सप्ताहात टाळ धरून उभा राहिलेला मुलगा मात्रा चुकत नाही. हे भांडवल हाताशी असताना परदेशी वाद्य म्हणून गिटारला घाबरण्याचे कारण नाही. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी वाद्य वाजवायला सोपे करून घ्यावे, मग ते सुरात लावायला शिकावे, मग उजव्या हाताची लय बसवावी आणि त्यानंतर कॉर्डच्या मागे लागावे.

वाद्य निवडताना

नवशिक्यापुढे साधारणपणे दोन पर्याय असतात: पोलादी तारांची अकूस्टिक गिटार आणि नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. क्लासिकल गिटारच्या तारा बोटांना मऊ लागतात, पण तिची मान नटजवळ, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते, तर अकूस्टिकची ४३ मिलिमीटरच्या आसपास. गाण्याला साथ करायची असेल तर अकूस्टिक घ्यावी. दहा वर्षांच्या आतील मुलांसाठी लहान आकाराची नायलॉन तारांची गिटार अधिक योग्य ठरते. क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांचा ताण कितीतरी जास्त असतो आणि तो सोसण्यासाठी ते वाद्य बनवलेलेच नसते, त्यामुळे घोडी (तारा जिथे अडकवतात तो खालचा लाकडी ठोकळा) उखडते किंवा मान वाकते.

कोणाच्या घरी जुनी हवाईयन गिटार पडून असण्याची शक्यता असते. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतात गिटार आणली ती याच पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा दांडा सरकवत वाजवायची. वादनाचा तो मार्ग थोर आहे, पण त्या गिटारच्या तारा मानेपासून इतक्या उंच असतात, की बोटाने दाबून कॉर्ड धरणे शक्य होत नाही. कॉर्ड शिकण्यासाठी ती घेऊ नये.

दुकानात गेल्यावर रंगापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तारांची उंची, जिला वादक ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेले कप्पे म्हणजे फ्रेट; बाराव्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार, फ्रेटच्या पट्टीपासून दोन ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंच नसावी. दुसरी गोष्ट सुरेलपणाची. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या स्वराचा वरचा सप्तक असायला हवा. ट्यूनर लावून सहाही तारांवर हे तपासावे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून कुठे झणझण येते का, ते ऐकावे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरसारख्या शहरात जाऊन हातात घेऊन वाद्य निवडणे यामुळेच चांगले. ऑनलाइन मागवलेली गिटार वाईटच निघते असे नाही, पण ती क्वचितच जुळवून आलेली असते.

अ‍ॅक्शन उंच असेल तर ती दुरुस्त होते, हे अनेकांना कोणी सांगतच नाही. घोडीवर तारांखाली जी पांढरी पट्टी असते ती खालच्या बाजूने घासून कमी करतात. ती जितकी घासावी त्याच्या निम्म्याने बाराव्या फ्रेटवरची उंची उतरते. एक मिलिमीटर घासली तर अर्धा मिलिमीटर. मानेला बाक आला असेल तर आतील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून तो काढता येतो, पण हे काम एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त करू नये आणि शक्यतो जाणकाराकडूनच करून घ्यावे. सोबत तारा बदलून घ्याव्यात. नवशिक्याने पहिली तार ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीची असलेल्या पातळ संचाने सुरुवात करावी. या दोन गोष्टींनी बोटांचे दुखणे जितके कमी होते तितके कोणत्याही व्यायामाने होत नाही.

उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

गिटार लाकडाची असते आणि लाकूड हवेतील ओलावा घेते-सोडते. तिला मानवणारी आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के असते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा अत्यंत कोरडी होते. या दिवसांत लाकूड आकसते. गिटारचा वरचा पृष्ठभाग किंचित खाली बसतो, तारा मानेजवळ येतात आणि आतापर्यंत स्वच्छ वाजणारी गिटार झणझणू लागते. मानेच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेटची टोके बोचू लागतात, हे कोरडेपणाचे पहिले लक्षण आहे. दुर्लक्ष केले तर पृष्ठभागाला चीर जाते. पावसाळ्यात याच्या उलट घडते: पृष्ठभाग फुगतो, तारा उंच होतात आणि दाबायला जड जातात. जुलैमध्ये ‘आपला हात बिघडला’ असे वाटणाऱ्याने आधी बाराव्या फ्रेटवरची उंची मोजावी.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. उन्हाळ्यात वाजवून झाल्यावर गिटार बंद पेटीत किंवा जाड पिशवीत ठेवावी आणि सोबत साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोके पाडून तिच्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवावा. स्पंजमधून पाणी टपकता कामा नये. गिटार पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या जिन्यात टांगू नये. कूलरच्या झोतासमोर ठेवणे तितकेच घातक, कारण कूलर चालू असताना तिला एकदम ओलसर हवा लागते आणि वीज गेली की तासाभरात ती पुन्हा कोरडी पडते. हे चढउतार लाकडाला स्थिर कोरडेपणापेक्षा अधिक बाधतात. एसटीने प्रवास करताना गिटार डिकीत न टाकता जवळ घ्यावी आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती कधीही सोडू नये. बंद गाडीच्या उष्णतेने घोडीचा सरस मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने घोडी उचलली जाते. हा प्रकार एकदा घडला की दुरुस्तीचा खर्च साध्या गिटारच्या किमतीजवळ जातो.

सुरात लावणे

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटी वाजवणाऱ्याला हे एका वाक्यात कळते: हे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांचे आहेत. सहावी तार पांढरी तीन, पाचवी पांढरी सहा, चौथी पांढरी दोन, तिसरी पांढरी पाच, दुसरी पांढरी सात आणि पहिली पुन्हा पांढरी तीन, पण सहाव्या तारेपेक्षा दोन सप्तके वर. प्रमाणित सुरात पाचव्या तारेची कंपने सेकंदाला ११० असतात.

मोबाइलवरील ट्यूनर किंवा गिटारच्या डोक्याला चिमटीसारखा लावायचा छोटा ट्यूनर, यापैकी काहीही चालते. गोंगाटात चिमट्याचा बरा, कारण तो आवाजाऐवजी लाकडाची कंपने वाचतो. तार लावताना नेहमी खालून वर यावे. स्वर चढला असेल तर तार आधी बरीच उतरवावी आणि मग हळूहळू चढवत स्वरावर आणून थांबवावी. वरून खाली आणलेली तार खुंटीत ढिली राहते आणि दोन मिनिटांत पुन्हा उतरते. ट्यूनरची अक्षरेही नीट पाहावीत. दुसरी तार बी ऐवजी वरच्या ई पर्यंत ताणून तोडणारे अनेक नवशिके असतात.

ट्यूनर असला तरी आठवड्यातून एकदा कानाने लावण्याचा सराव करावा. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचव्या तारेचा स्वर मिळतो. पाचवीवरून चौथी आणि चौथीवरून तिसरी तशीच मिळते. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा फ्रेट दाबायचा आणि दुसरीवरून पहिलीसाठी पुन्हा पाचवा. दोन स्वर जवळ आले की आवाजात लाट उठते, ती संथ होत होत नाहीशी झाली की तारा जुळल्या. तानपुरा लावताना ज्याने हे ऐकले आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

बैठक आणि डावा हात

बिनहाताच्या खुर्चीवर ताठ बसावे आणि गिटारची कंबर उजव्या मांडीवर ठेवावी. पाठीचा भाग पोटाला टेकलेला असावा; फ्रेट पाहण्यासाठी गिटार आपल्याकडे उताणी कलवण्याची सवय लवकर लागते आणि तिने मनगट दुमडते. वाद्याचे वजन मांडी आणि उजव्या हाताच्या कोपराने पेलावे. डावा हात पूर्ण सोडला तरी गिटार जागेवर राहिली पाहिजे. डावखुऱ्यांनी उलट्या बांधणीची गिटार घ्यावी की सर्वांसारखीच वाजवावी, हे ज्याच्या त्याच्या हातावर आहे. मात्र आपल्याकडच्या दुकानांत डावखुऱ्या गिटारी मोजक्याच असतात, हे लक्षात घ्यावे.

डाव्या हाताची नखे अगदी बारीक कापलेली असावीत. बोट फ्रेटच्या पट्टीवर किंवा दोन पट्ट्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पट्टीच्या अगदी मागे, टोकाने उभे टेकवावे. तिथे सर्वांत कमी जोर लागतो. किती जोर पुरेसा आहे हे कळण्यासाठी एक प्रयोग करावा: बोट तारेवर नुसते ठेवून तार छेडत राहावे आणि दाब थोडा थोडा वाढवावा, स्वर स्वच्छ झाला त्या क्षणी थांबावे. बहुतेक नवशिके याच्या दुप्पट जोर लावत असतात. बोटांची टोके काही आठवडे हुळहुळतात आणि मग कातडी निबर होते, ते स्वाभाविक आहे. मनगटात किंवा अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर मात्र त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा.

उजवा हात आणि ताल

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. कॉर्ड थोडी अस्वच्छ वाजली तरी गाणे पुढे जाते; लय मोडली की ऐकणारा लगेच थांबतो. तरीही शिकवण्या कॉर्डच्या तक्त्यांपासून सुरू होतात आणि उजवा हात आपोआप येईल असे गृहीत धरले जाते.

पहिला आठवडा एकही कॉर्ड न धरता घालवावा. डाव्या हाताची बोटे तारांवर हलकीच टेकवून त्यांचा आवाज बंद करावा आणि मऊ, पातळ पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) नुसते आघात करावेत. पिक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावा, टोक जेमतेम बाहेर ठेवावे आणि हात कोपरापासून न झोकता मनगटातून झुलवावा. मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला एक आघात वरून खाली द्यावा. मग दोन ठोक्यांच्या मध्ये एक आघात खालून वर.

असे चार ठोक्यांत आठ आघात झाले, म्हणजे केरवा तालाच्या आठ मात्रा मिळाल्या. तोंडाने ‘धा गे ना ती ना के धी ना’ म्हणत हात चालवावा: विषम मात्रांना हात खाली जातो, सम मात्रांना वर येतो. आता यातले काही आघात गाळायचे आहेत, पण हात थांबवायचा नाही. तो तारांना स्पर्श न करता तसाच हवेतून जातो. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तारा सोडाव्यात, बाकी सहा मात्रांना वाजवाव्यात. खाली, मग खाली-वर, मग वर-खाली-वर, असा तो क्रम ऐकू येतो. असंख्य हिंदी-मराठी गाण्यांना ही एकच चाल पुरते. जिथे केरव्याचा काल (तालातली खाली) येतो त्या पाचव्या मात्रेवरच हात तारा सोडून जातो, म्हणून टाळ वाजवणाऱ्याला ही चाल फार लवकर बसते. हात थांबवून मोजणारा आणि हात झुलता ठेवून मोजणारा यांच्यातला फरक दोन आठवड्यांत स्पष्ट दिसू लागतो.

दादरा तालासाठी सहा मात्रा धराव्यात. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला जाड तारांवर, उरलेल्या चार मात्रांना बारीक तारांवर हलका आघात, सगळे वरून खाली. अंगाईसारख्या संथ गाण्यांना ही चाल शोभते.

पहिल्या पाच कॉर्ड

सुरुवात ई मायनरने करावी: मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, आणि सहाही तारा वाजवाव्यात. त्यानंतर ए मायनर: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर; सहावी तार सोडून द्यावी. याच्या पाठोपाठ सी घ्यावी, कारण तर्जनी आणि मधले बोट जागचे हलवायचेच नसते, फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. न हलणाऱ्या बोटांचा आधार घेत कॉर्ड बदलण्याची ही युक्ती पुढेही शोधत राहावी. मग डी: तर्जनी तिसऱ्या तारेच्या आणि मधले बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, आणि चौथ्या तारेपासून खालीच वाजवायचे. शेवटी जी: मधले बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या, तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या आणि अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर.

प्रत्येक कॉर्ड धरल्यावर एकेक तार वेगळी छेडून पाहावी. जी बोलत नसेल तिच्यावर शेजारचे बोट आडवे पडलेले असते किंवा दाबणारे बोट पट्टीपासून मागे राहिलेले असते; तिसरे कारण सहसा नसते. मग दोन कॉर्डची जोडी घेऊन एका मिनिटात किती वेळा बदलता येते ते मोजावे आणि वहीत लिहावे. तीस बदल झाले की ती जोडी संथ गाण्यात वापरण्याजोगी झाली. बदलताना उजवा हात कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये, भले डाव्या हाताची बोटे उशिरा पोचोत.

एफ ही बॅरे कॉर्ड (एकच बोट आडवे ठेवून अनेक तारा दाबायची) पहिल्या तीन महिन्यांत टाळली तरी चालते. तिच्या जागी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या आणि अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवून पहिली तार मोकळी सोडावी.

सरावाला रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. रविवारी तीन तास बसून आठवडाभर न शिवण्यापेक्षा ते कितीतरी फलदायी. लातूरला प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी वसतिगृहात राहणाऱ्यांनी घोडीजवळ तारांखाली रुमालाची घडी सरकवावी, म्हणजे आवाज खोलीबाहेर जात नाही आणि रात्री अभ्यास संपल्यावरही हात चालवता येतो. वाजवून झाले की तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. आपल्याकडच्या घामाने त्या लवकर गंजतात, आणि काळवंडलेल्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या तारा सुरात राहत नाहीत. रोज वाजवणाऱ्याने साधारण तीन महिन्यांनी संच बदलावा.

कॅपो, पट्टी आणि भजनाची साथ

गाणाऱ्याची पट्टी काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सी च्या घरातील, म्हणजे सी हा सा धरून येणाऱ्या, कॉर्ड वाजवाव्यात. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डी चे घर, काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवरच कॅपो आणि जी चे घर, काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जी चे घर. एकेका फ्रेटने पेटीवरची, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून, एकेक पट्टी चढते, एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे हिशेब स्वतः करता येतात. कॅपो फ्रेटच्या पट्टीला खेटून लावावा आणि लावल्यावर तारा पुन्हा तपासाव्यात.

कॉर्ड कशी बनते हे सरगममधून समजून घ्यावे. शुद्ध स्वरांच्या सप्तकात सा-ग-प मिळून षड्जाची मेजर कॉर्ड होते, म-ध-सा आणि प-नी-रे या दुसऱ्या दोन मेजर, तर ध-सा-ग ही मायनर. चाल ज्या स्वरावर विसावते तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती आधी लावून पाहावी. तक्ता न पाहता गाण्याच्या कॉर्ड शोधण्याची सुरुवात इथून होते.

रागावर बांधलेल्या अभंगांना मात्र जपून साथ करावी. भीमपलास किंवा तोडीसारख्या रागातील चालीखाली ओळीओळीला कॉर्ड बदलल्या तर रागाबाहेरचे स्वर घुसतात आणि गायक अडखळतो. अशा वेळी फक्त सा आणि प धरावेत. षड्ज ए असेल तर पाचवी तार मोकळी, चौथी आणि तिसरी दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली, एवढ्या तीनच तारा संथ छेडाव्यात. तानपुऱ्यासारखा आधार मिळतो आणि रागाला धक्का लागत नाही.

मंडळात बसण्यापूर्वी गिटार ट्यूनरऐवजी तिथल्या पेटीला लावावी. जुन्या पेट्या प्रमाणित सुरापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असू शकतात, आणि पेटी जागेवर बदलता येत नाही, गिटार येते. पखवाज किंवा तबला ज्या बाजूला असेल त्याच बाजूला बसावे, म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, नीट ऐकू येते. पहिल्या वेळी दोन-तीन चालींपुरतीच साथ ठरवावी आणि त्यांच्या पट्ट्या पेटी वाजवणाऱ्या बुवांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्याव्यात.